गावजेवणाला सगळ्यांना बोलावतो, तरी भिलाटीतली माणसं शेवटच्या पंगतीलाच का बसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं मध्यम गाव, दरवर्षी भंडारा, घरटी बोलावणं, तरी भिलाटी (भिल्लांची वस्ती) आणि बौद्धवाड्यातली माणसं उशिरा येतात, कडेला बसतात, जेवून लगेच निघतात. तरुण मंडळाला हे बदलायचंय, तर काय करावं?

पंगतीच्या आधी चूल बघा. मागच्या भंडाऱ्याची पाच कामं कागदावर लिहा: वर्गणीची वही कोणाकडे होती, वांगी कोणी चिरली, बट्टीचं (उकडून तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचं) पीठ कोणी मळलं, वाढलं कोणी, उष्ट्या पत्रावळ्या कोणी उचलल्या. प्रत्येकासमोर नाव आणि गल्ली लिहा. बहुतेक गावांत पहिली चार कामं दोन-तीन गल्ल्यांत राहतात आणि पाचवं नेमकं एकाच वस्तीकडे जातं. ज्याचा हात स्वयंपाकाला चालत नाही पण उष्ट्याला चालतो, त्याला आपली जागा न सांगता कळते. मग तो शेवटी येतो, यात त्याचं काही चुकत नाही.

वरण-बट्टी या बाबतीत फार उपयोगाची, कारण तिला माणसं लागतात. 500 पानांना साधारण 1 क्विंटल जाडसर पीठ, 25 ते 30 किलो तूरडाळ आणि घोटलेल्या भाजीला क्विंटलभर वांगी धरा. पीठ मळणं, बट्ट्या वळणं, उकडणं, कापणं, तळणं अशा पाच टप्प्यांवर प्रत्येकी चार माणसं, आणि चौघं चार वस्त्यांतली. मळणाऱ्यांत भिलाटीतली माणसं हवीतच. नुसतं लाकूड फोडायला आणि पाणी आणायला त्यांना लावलं तर जुनीच वाटणी नव्या यादीत आली. वरण साधं ठेवा, बिनकांदालसणाचं. म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचंही त्यावर भागतं आणि वेगळी चूल मांडायची वेळ येत नाही. एकदा वेगळी चूल मांडली की कोणाचं अन्न कोणाला चालतं, ही चर्चा परत सुरू होते.

वर्गणीत मोठी चूक होते ती देणगीदारांची नावं माईकवरून वाचण्याची. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत तो त्या वेळी मांडवातून उठतो. घरटी एक किलो गहू किंवा दोन तासांचं काम, दोन्हीची नोंद एकाच वहीत, एकाच रकान्यात करा. काम संध्याकाळचं ठेवा, नाहीतर मजुराचा रोज बुडतो आणि पाटलाचा एक किलो गहू त्याला दिवसाच्या मजुरीएवढा पडतो.

बसण्यासाठी चिठ्ठ्या. 500 माणसं असतील तर 100-100 च्या पाच पंगती, 1 ते 5 आकड्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात, प्रत्येक घराने एक उचलायची. घर मोडायचं नाही, लेकरं आईपासून तुटली की कोणीच नीट जेवत नाही. पहिली पंगत मान्यवरांची, ही प्रथा बंद करा. सरपंचही चिठ्ठी उचलतील. बायकांची पंगत सगळ्यात शेवटी, हेही याच दुखण्यातलं आहे, चिठ्ठीने तेही सुटतं. पाण्यावर मात्र नजर ठेवा. कोणाला ग्लास हातात दिला जातो आणि कोणाला वरून धार धरून ओंजळीत पाणी मिळतं, एवढं पाहिलं तरी गाव कुठे उभं आहे ते समजतं. काही गावं यावर उपाय म्हणून नळाचा ड्रम ठेवतात. मी वाढपीच ठेवीन, आणि प्रत्येक पंगतीत पाणी वाढणारा दुसऱ्या वस्तीतला. ड्रमने प्रश्न झाकला जातो.

तारीख चुकली तर हे सगळं वाया जातं. दिवाळीनंतर भिलाटीतली बरीच कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातेत कामाला जातात, होळीला परततात. जानेवारीत भंडारा ठेवून ‘ते येतच नाहीत’ म्हणणं अन्याय आहे. आखाजीनंतरचे (अक्षय्य तृतीयेनंतरचे) दोन-तीन दिवस चांगले: माणसं घरी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) जुनं साल संपून नवं ठरलेलं असतं. त्याच्या आदल्या आठवड्यात नको, तेव्हा सालाच्या रकमेची घासाघीस चालू असते आणि मालक-सालदार शेजारी बसले तरी मन जेवणात नसतं. रमजान असेल तर दिवस बदला किंवा पंगत सूर्य मावळल्यावर बसवा. दवंडी अहिराणीत द्या, ‘जेवाले या’ म्हणून, आणि भिलाटीत त्यांच्याच माणसाने त्यांच्याच बोलीत.

पण वर्षाचे 364 दिवस पाणी वेगळं मिळत असेल तर एका दिवसाच्या बट्टीने काही होत नाही. म्हणून सोबतच नळ मोजा. खर्च शून्य आहे. 20 लिटरची बादली, मोबाईलमधलं घड्याळ, वही. टाकीजवळचे तीन नळ आणि शेवटच्या वस्तीतले तीन नळ निवडा. पाणी सुटेल त्या सात पाळ्यांना बादली किती वेळात भरते आणि पाणी एकूण किती मिनिटं टिकतं, ते लिहा. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज 55 लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला 275. शेवटच्या नळाला बादली भरायला 4 मिनिटं लागली आणि पाणी 40 मिनिटं टिकलं, तर घरात 10 बादल्या, 200 लिटर आले. त्यात पाणी दोन दिवसांआड असेल तर हिशोब तुम्हीच करा. कारणं बहुधा तीन: मधल्या घरांनी लाइनला लावलेल्या मोटारी, वस्ती उंचावर असणं, आणि वॉल्व्ह आधी कोणाचा उघडायचा याची जुनी सवय. तिसरं तर उद्यापासून बदलता येतं: शेवटच्या वस्तीचा वॉल्व्ह आधी, बाकीचे नंतर.

ही वही ग्रामसभेत ठेवा. ग्रामसभेची गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला लहान आकडा. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गोम इथेच आहे. पहिली सभा मजूर शेतात असताना भरते, माणसं जमत नाहीत, दुसऱ्या सभेत वीसजण ठराव करून मोकळे होतात. तेव्हा संध्याकाळच्या वेळेची मागणी लेखी द्या, पहिल्याच सभेला 100 माणसं न्या, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेल्यावर सभा संपण्याआधी वाचून घ्या.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी मे 1947 मध्ये केलेलं उपोषण सगळ्यांना आठवतं. त्याआधी गावोगाव फिरून त्यांनी लोकांशी केलेलं बोलणं कमी आठवतं. तुमच्या मंडळानेही भंडाऱ्याआधी दोन महिने घरोघर जावं, आणि भिलाटीत गेल्यावर चहा घ्यावा. ‘आत्ताच झाला’ म्हणून नाकारलेला चहा लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

कोणी जातपंचायत भरवून एखाद्या घराशी व्यवहार तोडायला लावत असेल, तर ते समजुतीचं काम नाही. महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. ॲट्रॉसिटीची तक्रार तंटामुक्ती समितीत ‘मिटवून’ घ्यायला कोणालाही भरीस पाडू नका. गावाच्या नावासाठी एका घराने गप्प बसावं, अशी एकी मागूच नये.

जेवण झाल्यावर आठवड्याच्या आत जमाखर्च वाचा, आणि वाचायची जागा भिलाटीतला चौक ठेवा. पुढच्या वर्षीची वही तिथेच कोणाकडे तरी द्या. ज्याच्या घरी वही असते, तो दुसऱ्या वर्षी लोकांना बोलवायला निघतो.