बायबॅक 1800 ला, मग शेअर पंधराशेलाच का अडकला?

प्रश्न : सप्टेंबर 2025 मध्ये इन्फोसिसने 1800 रुपयांनी बायबॅक (स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) जाहीर केला तेव्हा शेअर बाजारात पंधराशेच्या आसपास होता. मग सगळे धावत जाऊन घेत का नाहीत, तीनशे रुपये सरळ सुटतात की! भाचा म्हणतो शॉर्टवाले, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावणारे मंदीवाले, भाव दाबून ठेवतात. खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याला म्हणावं सगळं शॉर्टवाल्यांच्या माथी मारू नकोस. ताई, कंपनी तुमचे सगळे शेअर घेणार असती तर भाव त्याच दिवशी 1800 ला चिकटला असता, पण तसं नसतं ना. बायबॅकला ठेवलेल्या 18,000 कोटींत 1800 च्या भावाने बसतात 10 कोटी शेअर, म्हणजे कंपनीच्या एकूण शेअर्सपैकी अडीच टक्केसुद्धा नाहीत. द्यायला आलेल्यांची ही गर्दी, त्यामुळे तुमचे थोडेच घेतले जातात आणि बाकीचे बाजारभावाला तुमच्याच गळ्यात राहतात. छोट्यांसाठी 15 टक्के वेगळे ठेवलेले असतात, पण छोटा म्हणजे रेकॉर्ड डेटला (कोणाकडे किती शेअर आहेत हे कंपनी ज्या दिवशी बघते तो दिवस) ज्याच्याकडे 2 लाख रुपयांपर्यंतचे शेअर आहेत तो, पंधराशेच्या भावाने धरलं तर साधारण 130 शेअर. शिवाय टॅक्स कापून हातात काय राहतं तेही बघायचं.

मग भाव वाढतो कशाने? घेतलेले शेअर कंपनी रद्द करते, नफा तेवढाच आणि वाटेकरी कमी. 100 शेअरवर 1000 नफा असेल तर शेअरमागे 10 रुपये, 10 शेअर रद्द झाले की 11 रुपये 11 पैसे. ऐकायला छान वाटतं, पण त्यासाठी तिजोरीतली रोकड गेली हे कोणी बोलत नाही. आणि अडीच टक्क्यांनी फरक पडून पडून किती पडणार? जास्त काम करतो तो इशारा, की कंपनीलाच आपला शेअर स्वस्त वाटतोय. कधीकधी तर पैशाचं दुसरं काही करायला सुचत नाही म्हणूनही बायबॅक येतो, हे माझं मत.

आता शॉर्ट. हातात नसलेला शेअर आधी विकायचा, खाली आला की घेऊन भरपाई करायची. विक्री वाढते म्हणून भाव थोडा दबतो, हे खरं. पण आज विकणाऱ्याला उद्या घ्यावंच लागतं, आणि तिथेच मंदीवाले अडकतात. ऑक्टोबर 2008 ला जर्मनीत फोक्सवॅगनचं हेच झालं, पोर्शेने एका रविवारी सांगितलं की शेअर आणि ऑप्शन (शेअरच्या भावावर बांधलेले करार) मिळून जवळपास 74 टक्के आमच्याकडे, 20 टक्के तिथल्या राज्य सरकारकडे, म्हणजे बाजारात फिरायला उरले जेमतेम 6! शॉर्टवाल्यांची घ्यायला झुंबड उडाली आणि शुक्रवारी 210 युरोवर बंद झालेला शेअर मंगळवारी हजाराच्या वर.

जानेवारी 2023 मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकेतल्या शॉर्ट करणाऱ्या संस्थेच्या अदानी समूहावर आरोप करणाऱ्या रिपोर्टनंतर अदानी एंटरप्रायझेस 3400 वरून दहा दिवसांत हजाराजवळ आला, पण तो काय एकट्या शॉर्टने नाही, ज्यांच्याकडे शेअर होते तेच घाबरून विकत सुटले. आरोप कंपनीने नाकारले होते.

आपल्याकडे कॅशमध्ये, म्हणजे थेट शेअरच्या बाजारात, शॉर्ट केलं तर त्याच दिवशी कापावं (शेअर परत घेऊन सौदा मिटवावा) लागतं, पुढे न्यायचं तर फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) किंवा शेअर उसने घेण्याची सोय. भाच्याला तेवढं विचारून ठेवा, साडेतीनच्या आत कापतो ना, नाहीतर ऑक्शनमध्ये, म्हणजे न दिलेला शेअर मिळवायला एक्सचेंज जो लिलाव करतं त्यात, जो भाव निघेल तो भरावा लागेल.