इओसिनोफिल 14 टक्के, पण शौच तपासणी कोरी

ताई, नऊ वर्षांच्या लेकराच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 14 टक्के, शौच तपासणीत एकही अंडं नाही, आणि मेडिकलवाला म्हणतो जंतच आहेत. खरं कोण, असं तुम्ही विचारलंय. दोघंही खरे असू शकतात. परभणीत 22 वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावलाय, हा घोळ दर पावसाळ्यात बघतो.

आधी टक्का सोडा, आकडा काढा. तुमच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी 9,000 आहेत, म्हणजे इओसिनोफिल 1,260. साधारण 500 च्या आत असायला हवेत. वाढलेत हे नक्की, पण दमा, ॲलर्जी आणि काही औषधांनीही वाढतात.

आता या पेशी करतात काय? जिवाणू आला की दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्याला सरळ गिळतात. जंत गिळणार कसा? मोठा गोल जंत वीतभर, कधी त्याहून लांब, आणि पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. म्हणून इओसिनोफिल अळीला, म्हणजे जंताच्या पिल्लाला, बाहेरून चिकटतात आणि पोटातले विषारी दाणे तिच्या अंगावर ओततात. त्यांना बोलावणं धाडतात टी पेशी (त्याही पांढऱ्याच), इंटरल्यूकिन-5 नावाच्या रसायनातून. आतड्यातलं काम वेगळंच. तिथल्या टफ्ट पेशींना जंताचा सुगावा लागतो (हे 2016 साली कळलं), मग चिकट स्राव वाढतो, आतडं जोरात आवळतं आणि जंताला पुढे ढकलतं. मारण्यापेक्षा हाकलण्यावर भर.

तुमच्या कोड्याचं उत्तर वेळेत आहे. इओसिनोफिल सगळ्यात जास्त चढतात ते अळ्या रक्तातून, फुफ्फुसातून फिरत असताना. तेव्हा कोरडा खोकलाही येतो. अंडी घालणारे जंत आतड्यात तयार व्हायला गोल जंताला दोनेक महिने लागतात. तोवर शौचात दिसणार काय? पुढे जंत आतड्यात स्थिरावले की आकडा बऱ्याचदा उतरतो. लेकरू शेतातल्या आखाड्यावर अनवाणी फिरतं असं लिहिलंय, तर अंकुशकृमीही डोक्यात ठेवा, तो पायाच्या कातडीतूनच शिरतो.

जंतही भोळा नसतो, पेशींना थंड करणारी रसायनं सोडतो. आमची आजी नारूचं सांगायची. बारवेचं पाणी प्यायलं की वर्षभर काही कळायचं नाही, हातभर लांब किडा कातडीखाली निवांत. तो काडीवर रोज थोडा गुंडाळून काढायचा, आणि मधेच तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजायचा. म्हणजे पेशी तिथेच होत्या, किडा त्यांना जागं होऊ देत नव्हता. आपल्या देशात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 चा.

अल्बेंडाझोल ही जंतांची 400 मिलिग्रॅमची गोळी आतड्यातल्या जंतांवर उत्तम, फुफ्फुसातल्या अळ्यांवर तितकी नाही. म्हणून शाळेत 10 फेब्रुवारीला गोळी खाल्ली होती एवढ्यावरून जंत नाहीत असं समजू नका. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. खोकल्यासाठी कुणी परस्पर स्टिरॉइड दिलं तर मात्र घेऊ नका. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक कृमी असतो, स्टिरॉइडनं पेशी दबल्या की तो अंगभर पसरतो आणि जिवावर बेतू शकतं.

दोन-अडीच महिन्यांनी शौच तपासणी परत करा, वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने द्या. आणि नमुना सकाळचा ताजा न्या बरं, रात्रभर डबीत ठेवलेला आणला की आम्ही लॅबवाले मनातल्या मनात लई चिडतो.