ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये नव्याने येणाऱ्यासाठी

शाआर हशामायिम या आपल्या ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, तू येणार आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. हे देऊळ १८७९चं. बेने इस्राएलींनी, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, ते आजवर जपलंय. सुरुवात शुक्रवारच्या संध्याकाळपासून कर आणि वेळेआधी ये. सामुदायिक प्रार्थनेला मिनियान, म्हणजे किमान दहा पुरुषांचा जमाव, लागतो. नववा येऊन दहाव्याची वाट बघत बसणं फार जिवाला लागतं, म्हणून तुझं येणं मोलाचं. डोक्यावर टोपी हवी, मोबाईल घरीच ठेव. हिब्रू येत नसेल तर शेजारच्या काकांच्या पुस्तकात बघत सूर धर, लाजू नकोस.

आता सणांची रांग लागेल: रोश हशाना म्हणजे नवं वर्ष, मग योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा कडक उपवास, लगेच सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण. सुक्का, म्हणजे सणाचा मांडव, बांधायला हात लागतात, तिथे आपणहून पुढे हो. ओळखी तिथेच होतात.

मलिदा या आपल्या प्रसादाच्या विधीला तर जरूर ये. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं गीत सुरू झालं की सगळे एका सुरात गातात. आदल्या दिवशी मावशीला विचार, नारळ खवायला येऊ का म्हणून. ती नाही म्हणणार नाही.