ऑडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांना रिफ्लेक्टिव्ह जर्नलचा खरंच उपयोग होतो का? त्यात काय लिहायचं?

तुम्ही बीएएसएलपीच्या (श्रवण आणि वाचा-भाषेच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहात, प्रत्येक पोस्टिंगनंतर जर्नल, म्हणजे स्वतःच्या कामाकडे मागे वळून बघणारी नोंद, द्यावं लागतं आणि सगळे मागच्या बॅचचं बघून उतरवतात, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. शेवटी विचारलंय, ‘पेशंटशी गोड बोलायला वेगळं शिकावं लागतं का?’ या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसले. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भर मीटिंगमध्ये मला जवळपास हेच सुनावलं होतं: “आपण कान तपासायचे. बाकीचं घरचे बघतील.” मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मी क्लिनिकमध्ये विद्यार्थ्यांची सुपरव्हायझर आहे. आमच्याकडे खेड्यातून एक सत्तरीच्या आजी यायच्या. दोन्ही कानांना उतरता सेन्सरीन्यूरल लॉस, म्हणजे आतल्या कानाचा, वरच्या फ्रिक्वेन्सींना वाढत जाणारा बहिरेपणा: २५० आणि ५०० हर्ट्झला जवळजवळ नॉर्मल, २००० च्या पुढे ६५-७० डेसिबल. कानाचं मशीन घेऊन काही महिने झाले होते, पण ते डबीतच. सोबतचा मुलगा दर वेळी एकच सांगायचा, “टीव्ही मोठ्यानं लावते आणि मशीन घालत नाही. तुम्हीच समजवा.” आमच्या विद्यार्थिनीने मशीन तपासलं. आउटपुट ठीक, बॅटरी ठीक. मग आजींना ‘रोज दिवसभर लावायचं’ असं बजावून तिने जर्नलमध्ये तीन ओळी लिहिल्या: मशीन व्यवस्थित चालू आहे. पेशंट सहकार्य करत नाही. काउन्सेलिंग केलं.

मी ते पान परत दिलं. ‘काउन्सेलिंग केलं’ हे शब्द मी कुठल्याच रिपोर्टात चालवून घेत नाही, कारण कोण काय बोललं, कोणाचं काय राहून गेलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. तिला सांगितलं, खोलीत काय घडलं ते क्रमाने लिही, मत नको. दुसऱ्या दिवशीच्या पानावर हे होतं: “माझी खुर्ची मुलाच्या समोर होती. सगळे प्रश्न त्यालाच विचारले. आजी मध्येच ‘मंडळात’ एवढंच म्हणाल्या, तेव्हा मी बॅटरीचं दार उघडून बघत होते.”

पुढच्या भेटीत ती आजींच्या समोर बसली. मुलाला बाजूला बसवून तिने विचारलं, “आजी, तुम्हाला स्वतःला कुठं ऐकू यायला हवंय?” टीव्हीचा विषयच निघाला नाही. आजी गावच्या भजनी मंडळातल्या. मशीन घातलं की स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा घुमायचा, आणि पेटीचा सूर लांबला की मशीनमधून तो थरथरत यायचा. म्हणून त्यांनी आधी मशीन सोडलं आणि मग ऐकू येत नाही म्हणून मंडळ. घरच्यांचा समज असा, की त्यांना मशीनची लाज वाटते.

आता बघा, या तक्रारींत मनाचा खेळ काहीच नव्हता. खालच्या फ्रिक्वेन्सी चांगल्या असताना मोल्डने, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याने, कान गच्च बंद केला की स्वतःचा आवाज घुमणारच. मोल्डमधलं हवेचं भोक, म्हणजे व्हेंट, मोठं करायचं. मशीनची शिट्टी थांबवणाऱ्या फीडबॅक कॅन्सलरला पेटीचा लांब सूर शिट्टी वाटते आणि तो सूरच कापायला जातो. भजनासाठी वेगळा प्रोग्रॅम करायचा, वरच्या फ्रिक्वेन्सींचा गेन (मशीन आवाज किती वाढवतं ते) थोडा उतरवून त्यात कॅन्सलर आणि गोंगाट कमी करणारं नॉइज रिडक्शन बंद ठेवायचं. हे सगळं तिला वर्गात शिकवलेलं होतं. पण तक्रारच कानावर आली नाही तर शिकलेलं वापरणार कुठे? आणि ‘घरचे बघतील’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे, की घरच्यांनीच आम्हाला टीव्ही सांगितला होता. आजी आता मंडळात मशीन घालून बसतात. टीव्हीवरून घरात अजून वाजतं.

हे आमच्याकडेच होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात ऑडिओलॉजीच्या संशोधक लुईस हिक्सन यांच्या गटाने ऑडिओलॉजिस्टच्या खऱ्या भेटींचं व्हिडिओ रेकॉर्डिंग तपासलं. पेशंट मशीनबद्दलची काळजी बोलून दाखवत होते आणि बरेचदा ती तशीच सोडून गाडी पुढच्या तांत्रिक माहितीवर जात होती.

फॉरमॅटचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी शिक्षणतज्ज्ञ गिब्जचं १९८८ चं, अनुभवावर विचार करायचं सहा पायऱ्यांचं चक्र देतात. मला ते नवख्यांसाठी आवडत नाही. त्यातल्या ‘भावना’च्या रकान्यात सगळे ‘समाधान वाटलं’ लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा पेशंटचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा, त्यावर तुम्ही काय केलंत ते लिहा, आणि पुढच्या वेळी काय विचाराल ते लिहा. सोबत ‘कोसी’ भरायची सवय लावा. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचा हा साधा फॉर्म आहे. त्यात पेशंट स्वतःच्या अडचणीचे पाचपर्यंत प्रसंग महत्त्वाच्या क्रमाने सांगतो. तो मुलाने किंवा सुनेने सांगून भरायचा नाही. आणि जर्नलला मार्क देणं बंद व्हायला हवं, हे मी विभागात कितीदा मांडलंय. मार्क असतील तोवर मुलं सुपरव्हायझरला आवडेल तेच लिहिणार.

काही गोष्टी राहिल्या. तुडुंब ओपीडीत प्रत्येक पेशंटवर एवढं लिहिणं शक्य नाही, आठवड्याला एक नोंद नीट झाली तरी पुरे. बाळाची बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजायची तपासणी, असेल तेव्हा आईबापांनाच विचारावं लागतं, तिथे वरचं सगळं तसंच्या तसं लागू होत नाही. गरज असताना मास्किंग न करता (दुसऱ्या कानात आवाज सोडून त्याला बाजूला न ठेवता) थ्रेशोल्ड, म्हणजे ऐकू येणारा सर्वात हलका आवाज, काढणारा कितीही प्रेमाने बोलला तरी तो पेशंटचं नुकसानच करतो, त्यामुळे तांत्रिक अभ्यासाला ही पळवाट समजू नका. आणि जर्नलमध्ये नाव, गाव, केस नंबर लिहू नका. वर आजींचे ओळख पटेल असे तपशील मीही बदलले आहेत.