आधी ती वही परत द्या

तुमचे पत्र मिळाले. मुलीला दहावीत ८८ टक्के आहेत, अकरावी विज्ञानाबरोबर नीटची तयारी चालू आहे आणि वर्षभर ती लॅटिन म्हणी, बोधवाक्ये, रोमन पुराणकथा वहीत उतरवून ती भाषा एकटीच शिकते आहे. ‘डॉक्टर होण्यासाठी उपयोग असेल तर चालू ठेवू, नाहीतर बंद,’ असे लिहून पुढे तुम्ही सहज कळवले आहे की भौतिकशास्त्रात गुण कमी पडल्यापासून ती वही तुमच्या कपाटात कुलूपबंद आहे. मला काळजी वाटली ती या वाक्याची. कोणी न सांगता सोळाव्या वर्षी चालवलेला अभ्यास तुम्ही शिक्षा म्हणून काढून घेतलात. तेवढ्याने भौतिकशास्त्र कसे सुधारणार?

रिकाम्या उद्योगाचा नमुना म्हणून तुम्ही तिची एक ओळ पाठवली आहे. प्राचीन रोमन नाटककार प्लाउटसच्या नाटकातील ‘लुपुस एस्त होमो होमिनी’, आणि खाली तिचा प्रश्न, ‘आधी होमो, मग होमिनी का?’ मला तोच पत्रातील सर्वांत मोलाचा भाग वाटला. ती ओळ मराठीत ‘माणूस माणसाला लांडगा आहे’ अशी म्हणून पाहा. ‘माणूस’चे ‘माणसाला’ होताना आपल्याकडेही शब्दाचे अंग बदलते, तसेच होमोचे चतुर्थीत होमिनी होते. म्हण पाठ करून न थांबता तिने विभक्तीला हात घातला आहे.

लॅटिन आल्याने वैद्यक सोपे जाते, हा मात्र गैरसमज आहे. नीटमध्ये लॅटिनवर प्रश्न नसतो, वैद्यकातील कितीतरी संज्ञा मुळात ग्रीक आहेत, आणि ज्या लॅटिन आहेत त्या तयार नावे म्हणून शिकवल्या जातात. ‘मस्क्युलस’ म्हणजे छोटा उंदीर, हे ठाऊक असले तर स्नायूचे नाव गमतीने लक्षात राहील, पण स्नायूचे कार्य त्यातून कळणार नाही. तेव्हा उपयोगाच्या अटीवर परवानगी देऊ नका. ती अट उद्या खोटी ठरेल आणि वही पुन्हा कपाटात जाईल.

नीटचा मार्ग तुम्हांला माहीत आहेच. भाषेकडे वळायचे झाल्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदव्युत्तर भाषाविज्ञान आहे, पण तो निर्णय आज घ्यायचा नाही आणि तो तिचा आहे.

तिला एवढे सांगा की सुट्या म्हणींनी भाषा येत नाही, आता सलग गोष्ट वाचायला घे. पहिल्या शतकातील रोमन कथाकार फीड्रसची लांडगा-कोकराची गोष्ट छोटी आहे. तिच्यात ‘सुपेरिओर स्ताबात लुपुस, लोंगेक्वे इन्फेरिओर आग्नुस’ असे येते, म्हणजे लांडगा ओढ्याच्या वरच्या अंगाला आणि कोकरू बरेच खाली उभे होते. पाणी वरून खाली वाहते, म्हणून ते कोकराने गढूळ केल्याचा आरोप खोटा पडतो. साराच युक्तिवाद ‘सुपेरिओर’ आणि ‘इन्फेरिओर’ या दोन विशेषणांत आहे. रोज एक वाक्य, आधी क्रियापद शोधून, वीस मिनिटे पुरेत. भौतिकशास्त्रासाठी तिच्या शिक्षकांशी वेगळे बोला, आणि वही आजच, कोणतीही अट न घालता, तिच्या हातात द्या.