‘टुमॉरो ओन्ली’ चूक का?

तुम्ही विचारलंय की ‘आय विल कम टुमॉरो ओन्ली’ चूक का आणि वाक्यात ‘ओन्ली’ची जागा कोणती. ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. ‘उद्याच येईन’मधला ‘च’ म्हणजे दर वेळी ‘फक्त’ नव्हे, तो बऱ्याचदा नुसता जोर असतो. इंग्रज तो जोर आवाजात देतो. आपल्याला त्यासाठी अक्षर लागतं, मग आपण ‘ओन्ली’ चिकटवतो.

यातून गोंधळ होतो, आणि तो मी भोगलाय. १९९९ साली मी फोर्टमधल्या एका ऑफिसात डिस्पॅच बघायचो. लंडनच्या गिऱ्हाइकाला फॅक्स केला: ‘वुई सेंट द डॉक्युमेंट्स ऑन मंडे ओन्ली.’ मला म्हणायचं होतं, सोमवारीच पाठवली, तुम्ही मागायच्या आधी. त्याने वाचलं ‘ओन्ली ऑन मंडे’, म्हणजे सोमवार उजाडेपर्यंत पाठवलीच नव्हती! इतका उशीर का, असा उलट फॅक्स आला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचला आणि म्हणाले, “मराठी मीडियमवाल्यांना फॉरेनचा पत्रव्यवहार देऊच नये.” तीन महिने मला फॅक्सला हात लावू दिला नाही.

माध्यमाचा इथे काडीचा संबंध नाही. हिंदीवाले ‘ही’साठी हेच करतात, दक्षिणेतले लोकही करतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले आमचे साहेब स्वतः फोनवर ‘आय ॲम इन ऑफिस ओन्ली’ म्हणायचे. आपसात बोलताना मी आजही बेधडक ‘टुमॉरो ओन्ली’ म्हणतो. समोरच्याला कळतं, तर ती चूक कसली?

जागेचं म्हणाल तर, ‘आय ओन्ली एट टू मँगोज’ हे बोलण्यात अगदी बरोबर आहे. ‘ओन्ली’ ‘टू’च्या लगेच आधीच हवा, असं अडून बसणाऱ्यांना इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाऊलरने १९२६ सालीच झापलंय. करारात किंवा नोटिशीत मात्र ज्या शब्दाला बांधायचं त्याच्या लगेच आधी ठेवा. आणि आत्ता मी ‘पण’ या अर्थाने ‘मात्र’ लिहिलं ना, त्याचाही एक जुना अर्थ ‘फक्त’च; ‘नाममात्र’मध्ये तो अजून आहे. इंग्रजीतही ‘ओन्ली’ कधीकधी ‘पण’सारखा येतो.

परीक्षेत ‘टुमॉरो ओन्ली’ लिहू नका, गुण जातात. परदेशी पत्रातही नको. माझ्या फॅक्समध्ये ‘वुई हॅड ऑलरेडी सेंट देम ऑन मंडे’ एवढंच हवं होतं. साहेबांनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन दोन मिनिटांत हे सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून मी तसंच लिहिलं असतं.