पेडण्यातल्या जुन्या घराच्या लाकडी खिडक्या: दुरुस्त कराव्यात की बदलाव्यात?

तुम्ही लिहिलंय की पेडण्याला आजोबांनी बांधलेलं चिऱ्यांचं घर आहे, आठ खिडक्या, सगळ्या दोन झडपांच्या लाकडी, पावसात फुगून लागत नाहीत, दोनतीन खालून कुजल्यात. मुलगा म्हणतो सगळ्या काढून युपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, लावूया, मेस्त, म्हणजे सुतार, म्हणतो लाकूड चांगलं आहे काढू नका, आणि कोणाचं ऐकावं ते तुम्हाला कळत नाहीये. मीही गोव्यातलीच, डिचोलीची. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी हेच सगळं झालं आणि त्यात आम्ही एकदा चांगलेच चुकलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते, आठच्या आठ काढू नका. प्रत्येक खिडकीचा निकाल वेगळा लावा आणि तो झडपेवरून नको, चौकटीवरून लावा. झडप काय, बिजागरीचे स्क्रू काढले की हातात येते, अंगणात आडवी ठेवून मेस्त दोन दिवसांत तिची खालची पट्टी नवीन घालून देतो. चौकट तशी नसते, ती भिंतीत बसलेली असते, ती काढायची म्हणजे आजूबाजूचा गिलावा फोडायचा, आणि जुनं चुना-मातीचं बांधकाम असेल तर वरचे चिरेसुद्धा हलू शकतात. म्हणजे खर्च खिडकीचा राहत नाही, भिंतीचा होतो.

आता चौकट कशी बघायची. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि चौकटीच्या दोन्ही उभ्या पायांना अगदी तळाशी दाबून बघा, बाहेरच्या बाजूने, कारण आतून रंग छान दिसत असतो. मग खालच्या आडव्या पट्टीचे कोपरे, मग जिथे लोखंडी गज लाकडात शिरतात ती भोकं, तिथे गंज फुगून लाकूड चिरलेलं असतं बऱ्याचदा. टोक रंगावर ओरखडा काढून थांबलं तर लाकूड ठणठणीत. नखभर शिरलं तर वरचा थर गेलाय, तेवढं तासून भरता येतं. आणि लोण्यात गेल्यासारखं अर्धं बोट आत गेलं तर वर वर सरकत टोचत जा आणि घट्ट कुठे लागतंय तिथे पेन्सिलीने खूण करा. ती खूण तळापासून वीतभराच्या आत असेल तर मेस्त तेवढाच पाय तिरका कापून नवीन तुकडा सांधू शकतो, फक्त कापाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा, नाहीतर पाणी सांध्यातच बसतं. खूण कमरेपर्यंत गेली किंवा तिन्हीचारी बाजू मऊ लागल्या, किंवा मागून मातीच्या नळ्या करून वाळवी चढलीय, तर त्या खिडकीवर पैसे घालू नका, ती बदला.

आमची चूक सांगते आता. आमच्या पश्चिमेकडच्या खोलीत दोन खिडक्या होत्या, खाली भिंतीला कायम ओल, झडपांच्या खालच्या पट्ट्या भुसभुशीत. एका कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं लाकूड संपलंय, आणि आम्ही न तपासता दोन्ही काढून अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग लावल्या. पहिला जून आला, पहिलाच मोठा पाऊस, आणि सकाळी बघितलं तर त्याच जागी तीच ओल, पलंगाचा पाय भिजलेला. मग आईने आमच्या जुन्या मेस्ताला बोलावलं. त्याने खिडकीला हातसुद्धा लावला नाही, तांब्याभर पाणी मागितलं, बाहेर गेला आणि खिडकीखालच्या कट्ट्यावर हळूच ओतलं. आम्ही आतून बघत होतो. पाणी बाहेर जायचं सोडून सरळ आमच्याकडे आलं, चौकटीखाली शिरलं, आणि थोड्या वेळाने आतल्या भिंतीवर ओला डाग उमटायला लागला. कधीतरी कोणीतरी तिथे टाइल्स बसवल्या होत्या आणि उतार आत दिला होता. म्हणजे आमचं लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात उभं होतं, दोष त्याचा नव्हताच. टाइल्स फोडून उतार बाहेर दिला, कट्टा भिंतीपासून दोन बोटं पुढे काढला आणि त्याच्या खालच्या अंगाला एक खाच मारली म्हणजे पाण्याचा थेंब तिथेच तुटून खाली पडतो, मागे भिंतीकडे ओघळत येत नाही. त्यानंतर ओल गेली. पण झडपा भंगारवाल्याने नेल्या होत्या, जुनं सागवान, कूस-खाचेचा जोड आणि लाकडी खुंट्या मारलेल्या, त्या आठवल्या की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून तुम्हीही आधी तांब्या घेऊन आठही खिडक्यांवर पाणी ओतून बघा, युपीव्हीसीचं कोटेशन मागवायच्या आधी. छज्जा आखूड आहे का, कौलांवरून पडणारं पाणी वाऱ्याने थेट खिडकीवर येतं का तेही बघा. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, तोही नैऋत्येकडून वाऱ्यासकट, त्यामुळे बहुतेक घरांत पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खिडक्या आधी जातात आणि पूर्वेच्या तशाच टिकतात. तुमच्या कुजलेल्या दोनतीन त्याच बाजूच्या असणार असा माझा अंदाज आहे. चिरा पाणी ओढतो हेही लक्षात ठेवा, चौकटीची भिंतीला टेकलेली बाजू दिसत नाही पण ती सगळ्यात जास्त भिजते, म्हणून नवीन तुकडा बसवताना मागची बाजू आणि कापलेली टोकं आधी प्रायमर मारून मगच बसवायची, बसवल्यावर ते करता येत नाही.

फुगण्याचं म्हणाल तर तो आजार नाहीये, लाकूड हवेतली ओल घेऊन आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात परत आकसतं. फक्त आषाढात झडप लागत नाही म्हणून रंधा मारायला देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. तेव्हा बरोबर बसवलेली झडप फेब्रुवारीत बोटभर फट दाखवते आणि पुढच्या पावसात पाणी त्याच फटीतून येतं. रंधा मारायचाच तर दिवाळीनंतर, लाकूड नीट सुकल्यावर, आणि दोन झडपांमध्ये साधारण जाड पुठ्ठ्याएवढी जागा सोडून. रंगाचंही तेच. आपल्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी घर रंगवायचंच असतं, मीही दर वर्षी भिंतींचं करते, पण खिडक्यांचं नको, भर पावसात ओल्या लाकडावर ऑइलपेंट मारला की ओल आतच कोंडते आणि वर फोड येतात. जानेवारी-फेब्रुवारी हा खिडक्यांचा मोसम. आणि घरात लहान मुलं असतील तर जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा आणि चोथा गोळा करून टाका, कारण घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं भरपूर असू शकतं.

काचा हलत असतील तर तो खिडकी बदलायचा मुद्दाच नाही. काच पक्की करणारी जुनी लांबी (पुट्टी) सुकून पडलेली असते, खडूची पूड आणि अळशीचं तेल मळून नवीन भरायची, दोनतीन आठवडे सुकू द्यायची, वर रंग. बिजागऱ्या पितळेच्या घ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि घर मोरजी-हरमलच्या बाजूला समुद्राजवळ असेल तर 304 ऐवजी 316 ग्रेडचे मागा, खाऱ्या हवेत 304 वर तपकिरी डाग येतात.

मुलाचंही पूर्ण चुकतंय असं नाही हं. युपीव्हीसी फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, धूळ आणि आवाज खूप कमी होतो. माझ्या बहिणीचा पर्वरीचा फ्लॅट रस्त्याकडेला आहे आणि तिथे ते अगदी योग्य आहे. पण स्लायडिंग घेतली तर एका वेळी अर्धीच खिडकी उघडते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये वारा निम्मा, आणि तुमच्या दोन झडपांच्या खिडक्या पूर्ण उघडतात. ज्या बदलाव्याच लागतील तिथे स्लायडिंग न घेता बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या घ्या, आत स्टीलची पट्टी आहे का विचारा, पाणी जायची भोकं बाहेरच्या बाजूला आहेत आणि सिमेंटने बुजवली नाहीत हे बसवताना स्वतः उभं राहून बघा. रबर आणि रोलर काही वर्षांनी जातात, तेव्हा त्याच मापाचे मिळतील का हेही आधीच विचारून ठेवा, कारण ते काम गावचा मेस्त करू शकत नाही.

एक राहिलं. आठमधली एखादी जरी खिडकी काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्यांची असेल तर तिला कोणालाही हात लावू देऊ नका. ते प्लाकुना प्लासेंटा नावाचे शिंपले, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता संरक्षित आहेत, बाजारातून नवीन आणून लावू असं होत नाही. एखाददुसरी चकती फुटली असेल तर बाकीच्या जपा आणि फुटलेल्या चकतीच्या जागी तेवढीच काच बसवून घ्या.

पावसाला अजून वेळ असेल तर या आठवड्यातच तांब्याचं करून बघा. आणि कुजलेल्या खिडक्यांचे फोटो टाका, आतून नकोत, बाहेरून, चौकटीचा खालचा कोपरा आणि त्याखालचा कट्टा दोन्ही दिसतील असे.